ठशाचा ठसा

१८ ऑगस्ट १८९६, लीएज

बाबांची ठशांची वही आज तीन वर्षांनी दिसली. मी जिथे नक्षी कोरते त्या कोलिनेच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या टेबलावर, हिरव्या चामड्याच्या नव्या बांधणीत. वर सोनेरी अक्षरांत ‘सेर्व्हे कोलिने, बंदुकांवरील नक्षीकाम’.

मी तेलाचं फडकं आणायला पुढच्या खोलीत गेले होते. काउंट द ओर्शालचा कारभारी खुर्चीत बसला होता आणि कोलिने एकेक पान उलटत होता.

"हा माझा तिशीतला हात," तो म्हणाला.

पानावर रानडुक्कर होतं, डावा कान तुटलेलं. तो कान आमच्या पाताश कुत्र्याचा. पाताशचा उजवा कान तुटका होता, बाबांनी पोलादावर उजवाच कोरला. कागदावर ठसा घेतला की सगळं आरशासारखं उलटं येतं, म्हणून डावा. मी सात वर्षांची होते. पाताशला धरून बसायचं काम माझं होतं.

बंदूक एकदा सरदाराच्या वाड्यात गेली की नक्षीकाराला पुन्हा दिसत नाही. शाई चोळून घेतलेला ठसा तेवढा वहीत राहतो. ती वही गेली तर त्या माणसाने जन्मभर काय केलं, याला कागदाचा एक कपटाही साक्षीला उरत नाही. बाबांच्या वहीत एकतीस वर्षं आहेत.

फडकं घेऊन मागे आले आणि नक्षीतलं अर्धं राहिलेलं पान कोरून पुरं केलं. नंतर भिंगाखाली तपासलं. रेष कुठेही हललेली नाही.

या माणसाचं नाव मी या गावातून पुसणार आहे. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

१९ ऑगस्ट

बाबांशी बोलले.

"वही कोलिनेकडे आहे."

"कुठली वही?"

"तुमची. वर त्याचं नाव घातलंय."

"असेल. कॉफीत चिकोरी जास्त झालीय आज."

"तुम्ही आधी म्हणालात घर बदलताना हरवली. मग म्हणालात त्याने बघायला नेली."

"मी आंधळा म्हातारा. माझं दोन्हीकडून खरं असतं."

"ही चोरी आहे, बाबा."

"ओदील, तो तुला शिकंज्यापाशी बसवतो. बाकीच्या पोरी काय करतात? पॉलिश. या नदीच्या दोन्ही काठांवर दुसरा कोणी बाईच्या हातात कोरणी देतो का, सांग."

"मी चांगलं कोरते म्हणून देतो."

"कोरतेस ना. मी कधी नाही म्हटलं?"

मग ते शेजारच्या घराच्या गळक्या छपराबद्दल बोलायला लागले. डोळ्यांबरोबर त्यांचा रागही गेला असावा. माझा दोघांना पुरेल.

२५ ऑगस्ट

ओर्शालचं काम आलं. काउंटच्या आजोबांच्या चकमकीच्या बंदुका, एक जोडी, पंचाहत्तर वर्षं जुन्या. घडण उत्तम, नक्षी काहीच नाही. आता चापाजवळच्या पोलादी पत्र्यांवर नक्षी आणि घराण्याचं कुलचिन्ह हवं आहे. ३ नोव्हेंबरला, संत ह्युबेरच्या दिवशी, शिकारीचा मोसम सुरू होतो. त्या मेजवानीत काउंट ही जोडी मुलाला देणार.

कुलचिन्हाचं चित्र कारभाऱ्याने आणलं होतं. ढाल, तिच्यावर एक तिरपा पट्टा, पट्ट्यावर तीन तारे, वर मुकुट, दोन्ही बाजूंना एकसारखे दोन शिकारी कुत्रे. बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडून पट्टा निघतो आणि उजवीकडे खाली उतरतो. ब्रीदवाक्य नाही. एकही अक्षर नाही.

"पट्ट्याचं तेवढं सांभाळा," कारभारी म्हणाला. "काउंटसाहेबांच्या दूरच्या चुलतभावाने मागे दावा लावला होता. आजोबा त्यांच्या आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले, म्हणून किताब यांचा नव्हेच, असा. दावा फेटाळला, पण तोंडं बंद होतात का? चुलतभाऊही येणार आहे जेवायला."

पट्टा उलटा, उजवीकडून डावीकडे उतरला, तर लोक त्याला औरस नसल्याची खूण समजतात. संध्याकाळच्या रेखाटनवर्गात आमचे मास्तर सांगायचे की जुन्या ग्रंथांत हे सरसकट खरं नाही. पण सरदार ग्रंथ वाचत नाहीत.

कामाची वाटणी अशी: नमुन्याचा पत्रा आणि लावा पक्ष्यांची चित्रं माझ्याकडे, वेलपत्ती कारखान्यातल्या नोए माथोकडे. कुलचिन्ह कोलिने स्वतः कोरणार. गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते आणि सही त्याच्याखालीच असते.

३ सप्टेंबर

जुने पत्रे भट्टीत तापवून मऊ केले. कोरून झाले की हाडांच्या कोळशात पुरून पुन्हा तापवायचे आणि लाल असतानाच पाण्यात बुडवायचे, म्हणजे पाणी द्यायचं. मग त्यांच्यावर कानससुद्धा घसरते. हे पोलाद जुनं आहे, मध्ये दोन ठिकाणी जोड आहे. एकदा पाणी सोसेल. चूक दुरुस्त करायला तिसऱ्यांदा तापवलं तर तडकेल.

हे मी भट्टीवाल्याला विचारून खात्री करून घेतलं. त्याने का विचारतेस म्हणून विचारलं नाही.

११ सप्टेंबर

नोएने पेअर आणले होते, त्याच्या आईच्या झाडाचे. माझ्या बाजूला चार ठेवले. इतरांना एकेक दिला. मोजण्यात तो नेहमीच गबाळा आहे.

नंतर म्हणाला, "ओदीलबाई, हे मेण जरा मुठीत दाबून बघा. मऊ आहे का?"

"तुम्हाला हात नाहीत?"

"माझे घामेजतात. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी ठसा काढायला घेतला की कागद बोटांना चिकटून येतो, म्हणून तर मला पानांवर बसवलंय."

दाबून दिलं. बरं होतं. त्याने तो गोळा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मेण रुमालात गुंडाळायचं काही कारण नसतं.

२० सप्टेंबर, रविवार

बाबा प्रार्थनेला गेले आहेत. उपाय सापडला. नीट मांडून ठेवते म्हणजे त्यात भोक असेल तर दिसेल.

कोलिनेला कुलचिन्ह हाताने रेखाटता येत नाही. माझ्या नमुन्याच्या पत्र्याचा तो ताजा ठसा मागतो. बंदुकीच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर ओला ठसा पालथा घालतो आणि घोटतो. रेषा पोलादावर उतरतात, त्यांच्यावरून कोरणी फिरवली की झालं. माझ्या पत्र्यावर चित्र सुलट, कागदावर उलट, बंदुकीवर पुन्हा सुलट. पंचवीस वर्षं तो हेच करतो आहे.

मी ओल्या ठशावर दुसरा कागद दाबला, तर दुसऱ्या कागदावर ठशाचा ठसा येईल. तो सुलट असेल. तो त्याने पोलादावर पालथा घातला की बंदुकीवर चित्र उलट उतरेल.

कुत्रे दोन्हीकडे सारखेच. मुकुट सारखाच. ताऱ्यांना डावं-उजवं नसतं. बदलेल तो फक्त पट्टा.

कोरताना कोलिनेला दिसलं तर? दिसणार नाही असं वाटतं. कुलचिन्हांचं तो काही शिकलेला नाही, आणि दिवसातून दहा वेळा पोलादावरून ठशाकडे आणि ठशावरून पोलादाकडे बघून त्याच्या डोळ्याला उलट-सुलट दोन्ही सारखंच ओळखीचं झालं आहे. तसं माझ्या डोळ्यालाही होतं. म्हणून मी खूण करून ठेवते.

एक उणीव: ठशाचा ठसा फिकट येतो.

२४ सप्टेंबर

दिला.

कोलिने खिडकीपाशी उभा राहून बघत होता. "शाई घरून आणतेस काय? इतकी चिंगूसपणाने लावलीयेस."

"जास्त लावली की बारीक रेषा बुजतात, मालक."

"बापाची लेक," तो म्हणाला आणि कागद पालथा घातला.

३० सप्टेंबर

पहिल्या बंदुकीवरचं कुलचिन्ह पुरं झालं. मी दीड हातावर बसून लाव्याचं पीस कोरत होते. पट्टा उजवीकडून डावीकडे. कोलिनेने तीनदा भिंग लावलं, दोनदा कापडाने पुसलं, मान तिरकी करून बघितलं. खूश होता.

माझ्याकडे येऊन लावा बघितला. "तुझी रेष बापापेक्षा बारीक आहे, ओदील. खोटं नाही सांगत."

"मग खाली माझं नाव घाला."

"बंदुकीवर बाईचं नाव? बारच उडायचा नाही." सगळे हसले. नोए हसला नाही, पण तो कोरताना कधीच हसत नाही.

खरं लिहायचं तर त्याआधी दोन मिनिटं मी सांगून टाकावं की काय अशा विचारात होते. पोलाद अजून मऊ होतं. घासून पुन्हा कोरता आलं असतं. बार उडण्याच्या त्या वाक्यानंतर लाव्याच्या पिसाला चौदा रेषा घातल्या, दर मिलिमीटरला सात.

८ ऑक्टोबर

दुसऱ्या बंदुकीचं कुलचिन्हही तशाच ठशावरून झालं. उद्या पाणी देणार. संध्याकाळी पत्रे पुसायची पाळी नोएची होती. तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "पट्टा."

"काय पट्टा?"

"चित्रात इकडून होता." त्याने हवेत बोट फिरवलं.

"कुलचिन्ह मालकांचं काम आहे. त्यांना सांगा."

"ठसा कोणी काढला होता?"

मी कोरणीला धार लावत राहिले.

"तू केलंस," तो म्हणाला. मला तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. "वहीसाठी?"

"तुमची पानं वाया जातील. चांगली उतरली आहेत. ते मी हिशेबात धरलं नव्हतं."

"पानांचं राहू दे." त्याने फडकं उचललं. "ओदील, तो काही देवमाणूस नाही. पण उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

"मला वेळ नको आहे."

तो पत्रे पुसायला गेला. कोलिनेला सांगेल असं वाटलं होतं. सांगितलं नाही. का, ते कळत नाही. त्याला यातून काही मिळणार नाही.

९ ऑक्टोबर

पाणी दिलं. निळ्या-करड्या छटा सुंदर आल्या. कडेला माझ्या कानशीचा कोपरा लावून पाहिला. घसरला.

५ नोव्हेंबर

कारभारी आला. बंदुकांची पेटी टेबलावर आपटली. दार उघडंच होतं, सगळ्या कारखान्याने ऐकलं.

"जेवणाआधी पेटी उघडली," तो म्हणाला. "पोराने पणजोबांची बंदूक हातात घेतली. चुलतभावाने चष्मा चढवला, जवळ येऊन बघितलं आणि म्हणाला, ‘चला, इतक्या वर्षांनी घरच्यांनीच कबूल केलं.’ साठ माणसं हसली, कोलिने. पोरगा चौदा वर्षांचा. तो बापाला विचारतो, ‘काय कबूल केलं, पप्पा?’"

कोलिनेने पेटी उघडली. बराच वेळ त्याला चूक दिसलीच नाही. कारभाऱ्याने बोटाने दाखवली तेव्हा त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला.

"तडकल्या तरी चालतील, पण मी दुरुस्त..."

"त्या काउंटच्या आजोबांच्या आहेत. तुम्ही त्यांना हात लावणार नाही. आणि ब्रसेल्सपासून आर्देनपर्यंत कुणाच्याच बंदुकीला लावणार नाही, ते काउंटसाहेब बघतील."

मी या क्षणाची अडीच महिने वाट पाहिली होती. वाटलं होतं तसंच वाटलं. मुलगा किती वर्षांचा हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

कोलिनेने सगळ्यांना उभं केलं. "त्या दिवशी ठसा कोणी काढला?"

मी तोंड उघडायच्या आत नोए म्हणाला, "मी. ओदीलबाईंना लावे उरकायचे होते. कागद चिकटला म्हणून मी त्यावरून दुसरा घेतला. मला वाटलं चालतंय."

कोलिने त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "तू," तो म्हणाला. "घामट्या. तू ठसा काढलास."

"हो, मालक."

"बरं. चालता हो."

नोएने हत्यारं गोळा केली. मी जिन्यात गाठून विचारलं, हे कशासाठी. तो म्हणाला, "तुम्हाला बाबांना सांभाळायचंय. मी कुठेही पानं कोरीन." हे उत्तर तर्काला धरून नाही. माझ्या योजनेत त्याला जागा नव्हती.

१६ नोव्हेंबर

दोन मोठ्या बंदूकवाल्यांनी कोलिनेकडचं काम काढून नेलं. तिसऱ्याने आज. शिकंजे विकायला काढले आहेत.

नोएला गावात कोणी ठेवत नाही. सरदाराचं कुलचिन्ह उलटं करणारा म्हणून त्याच्यावर आता गाणंही झालं आहे. तो फ्रान्समध्ये सेंत-एत्येनला गेला असं कळलं. तिथेही बंदुका होतात.

२६ नोव्हेंबर

कोलिने घरी आला. बसला नाही. वही टेबलावर ठेवली.

"फिकट होता," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं ठसे काढतोय मी. इतका फिकट ठसा दुसऱ्या कागदाचाच असतो. त्याच दिवशी कळायला हवं होतं."

मी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"त्या घामट्याने अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तुला काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कुलचिन्हाचा ठसा पोरीकडून का काढून घेत होतास. घे ही. तुझ्यासाठीच आणलीय. आणि बापाला विचार, ही माझ्याकडे कशाच्या बदल्यात आली."

"चोरून आली."

"विचार तर." तो पहिल्यांदाच हसला. "माझ्याकडे तुला द्यायला एवढंच उरलंय."

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार. बाहेर आल्यावर त्यांनी कॉफी मागितली.

२७ नोव्हेंबर

हिरवी बांधणी चाकूने सोडवली. खाली बाबांचा जुना पुठ्ठा शाबूत आहे. आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरात: ‘सेर्व्हे कोलिनेला दिली. २ ऑक्टोबर १८९३.’

‘नेली’ नाही, ‘दिली’. बाबांचं लिहिणं कधीच काटेकोर नव्हतं.

मी कारखान्यात पहिल्यांदा शिकंज्यापाशी बसले ती तारीखही २ ऑक्टोबर १८९३. योगायोग असू शकतो.

१ डिसेंबर, संत एलुआ

आज धातूकाम करणाऱ्यांचा सण. दर वर्षी दुपारी सगळे नक्षीकार पुलाजवळच्या खानावळीत जमतात आणि वर्षातला आपला सर्वांत चांगला ठसा भिंतीवर लावतात. गेली तीन वर्षं कोलिने तिथे बाबांचे ठसे लावत होता.

सकाळी टपालाने सेंत-एत्येनहून पुडकं आलं. आत कोरणीची मूठ, पेअरच्या लाकडाची. चिठ्ठी नाही. हातात धरली. मूठ नवी असली की तळव्यात घासून घासून बसवायला दोन महिने जातात. ही बसलेलीच होती. माझ्या हाताचं माप त्याने कधी घेतलं, ते कळेना. मग या वहीत मागे जाऊन पाहिलं. ११ सप्टेंबर. मेण.

बाबा टेबलाशी बसून आपल्या वहीची पानं चाचपत होते. शाई सपाट असते, बोटाला काही लागत नाही. म्हणून मी त्यांच्या हातात कुलचिन्हाचा नमुन्याचा पत्रा दिला. त्यांनी अंगठा फिरवला.

"पट्टा बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग बंदुकीवर उलटा कसा गेला? आणि तो पोरगा तर ठसा काढतच नाही. त्याचा कागद चिकटतो."

"बाबा, वही तुम्ही दिली होती?"

त्यांचा अंगठा ताऱ्यांवर थांबला. "वहीत काय होतं, ओदील? मेलेली डुकरं. एकतीस वर्षांची मेलेली डुकरं. तू वीस वर्षांची होतीस आणि दिवसभर खिडकीत बसून पावाच्या सुरीवर फुलं कोरायचीस."

"मला सांगायचं होतंत."

"मग तू त्याच्याकडे बसली असतीस?"

जे केलं ते लिहिते.

कोलिने आमच्या अडचणीवर चढून बसला आणि दुसऱ्याच्या हातावर स्वतःचं नाव घालून जगला. त्याचं जे झालं त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण दुसऱ्याचं काम तिसऱ्याच्या नावावर जाणं मला मान्य नाही. ते बाबांचं असलं तरी, आणि माझं असलं तरी. हे काम माझं होतं. या वर्षातलं सर्वांत अचूक.

नव्या मुठीत कोरणी बसवली आणि पत्र्यावर ढालीच्या खाली नाव कोरलं: ओ. दारिमों. मी कोरलेली ही पहिली सही. शाई चोळून एक ठसा घेतला, तो ओला असतानाच त्यावर कागद दाबून दुसरा घेतला.

खानावळीत चाळीसेक माणसं होती. बायका फक्त वाढायला. मी दोन्ही ठसे भिंतीवर शेजारी-शेजारी लावले. एक गडद, एक फिकट. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिथे सगळ्यांचा जन्म ठशांत गेला आहे. आधी टेबलांवरचे आवाज थांबले, मग वाढणाऱ्या बायकांचेही. कोलिने कोपऱ्यात पेके दारूचा पेला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, शेवटी त्यानेच नजर काढली.

म्हाताऱ्या लांबेरने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "म्हणजे माथोचा पोरगा नव्हता तर."

"नव्हता."

"त्याला कोणीतरी कळवा. आणि ते गाणं बंद करा रे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, आता लीएजमध्ये तुला काम कोण देणार?"

"कोणी नाही."

"कोणी नाही," त्याने मान हलवली. मग पुन्हा ठशांकडे बघून म्हणाला, "रेष मात्र बापाची आहे."

ठसे काढून घरी आणले आणि बाबांच्या वहीत शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर चिकटवले. बाबांनी विचारलं, "नाव कसं आलंय?"

"पहिल्यात उलटं," मी सांगितलं. "दुसऱ्यात सुलटं. मी कोलिनेला दिला होता, तसल्यात."